भरदुपारी उल्का दिसली तर

२२ मे २०१२. दुपारचे दोन वाजून गेले होते. संत्र्याच्या बागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या काटोल परिसरात मे महिन्यातल्या अशा वेळी रस्त्यावर चिटपाखरू नसते, आणि जो कुणी बाहेर असतो तो डोक्याला उपरणे गुंडाळून मान खाली घालून चालतो. त्या दिवशी दोन वाजून दहा मिनिटांच्या सुमारास आकाशात गडगडाट झाला आणि काटोल व आजूबाजूच्या भागात काळे दगड येऊन पडले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी पुढे सुमारे तीस तुकडे जमवले. त्यांचे एकूण वजन तेरा किलोच्या आसपास भरले. नागपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याचे नाव जगाच्या अशनींच्या यादीत कायमचे नोंदले गेले.

काटोलसारखी घटना आपल्या गावावर घडली, तर त्या चार-पाच सेकंदांत आणि नंतरच्या तासाभरात काय करावे? बहुतेकांना ते ठाऊक नसते, आणि त्यात कुणाचा दोष नाही. माणूस आधी दचकतो, मग शेजाऱ्याला हाक मारतो, मग फोन शोधतो. तोपर्यंत आकाश पुन्हा निळे झालेले असते. थोडी माहिती आधीच डोक्यात असेल, तर मात्र गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईने किंवा बांधावर बसलेल्या शेतकऱ्याने केलेली नोंद वेधशाळेतल्या नोंदीइतकीच उपयोगी पडते.

आधी दोन शब्द नीट समजून घ्यावेत. अवकाशातला दगड किंवा धूळकण वातावरणात शिरून जळताना जी प्रकाशाची रेघ दिसते ती उल्का. जळून उरलेला जो तुकडा जमिनीवर येतो तो अशनी. रात्री ‘तारा तुटला’ म्हणतो त्या उल्का बहुधा वाळूच्या कणाएवढ्या असतात, त्यांतले काहीच खाली येत नाही. अशा उल्का दिवसाही तितक्याच पडत असतात, फक्त सूर्यप्रकाशात दिसत नाहीत. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मेष राशीच्या दिशेने येणारा एक जोरदार उल्कावर्षाव होतो, पण त्याचा बहुतेक भाग दिवसा पडत असल्याने तो माणसाच्या डोळ्यांऐवजी रडारनेच टिपावा लागतो.

म्हणजे जी उल्का भरदिवसा नुसत्या डोळ्यांना दिसली, ती साधी नव्हे. ती शुक्राच्या निदान पाच-सहा पट तेजस्वी असावी लागते आणि सूर्याच्या जवळ दिसायची तर त्याहूनही कितीतरी जास्त. इतका उजेड पडायला मुळात दगडच मोठा हवा. आणखी एक गोष्ट दुपारच्या बाजूने आहे. पहाटे आपण पृथ्वीच्या पुढच्या अंगाला असतो, त्यामुळे समोरून येणारे दगड प्रचंड वेगाने आदळतात आणि जळून संपतात. दुपारनंतर आपण मागच्या अंगाला असतो. तिथे दगडाला पृथ्वीचा पाठलाग करून गाठावे लागते. त्याचा वेग कमी पडतो आणि काही भाग शाबूत खाली येण्याची शक्यता वाढते. दिवसा दिसलेल्या उल्केची नोंद म्हणूनच मोलाची. तिच्या मागोमाग कुठेतरी दगड पडलेला असू शकतो.

आता प्रत्यक्ष क्षण. आकाशात अचानक पांढरा, हिरवट किंवा नारिंगी गोळा सरकताना दिसला, तर फोनकडे हात नेऊ नये. हा सल्ला आजच्या काळात विचित्र वाटेल, पण तो मनापासून दिलेला आहे. उल्का दोन ते दहा सेकंद टिकते. फोन खिशातून काढून कॅमेरा उघडेपर्यंत ती संपते, आणि पाहणाऱ्याने ना नीट पाहिलेले असते ना टिपलेले. अपवाद घडतात, पण ते अपवादच. १० ऑगस्ट १९७२ च्या दुपारी अमेरिकेतल्या युटापासून कॅनडातल्या अल्बर्टापर्यंत एक उल्का दिसली. ती पृथ्वीच्या वातावरणाला जेमतेम स्पर्श करून, जमिनीपासून सुमारे ५७ किलोमीटर उंचीवरून पुन्हा अवकाशात निघून गेली. तिचा प्रवास दीड मिनिटाहून अधिक चालला, म्हणूनच टेटन पर्वतरांगेजवळच्या तळ्याकाठी सुटीवर आलेल्या पर्यटकांना तिचे छायाचित्र आणि चित्रपट्टी दोन्ही घेता आले. एवढी सवड सहसा मिळत नाही.

डोळे उल्केवर ठेवावेत आणि मनात मोजायला लागावे. ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असे मोजले की साधारण एकेक सेकंद होतो. ती कुठे पहिल्यांदा दिसली आणि कुठे विझली, या दोन जागा डोळ्यांत भरून घ्याव्यात. विजेचा खांब, पाण्याची टाकी, देवळाचा कळस, समोरच्या इमारतीची तिसऱ्या मजल्याची खिडकी, जे काही मध्ये आले असेल त्याच्याशी ती जागा जोडून ठेवावी. उल्का विझली तरी मोजणे थांबवू नये. आता आवाजाची वाट पाहायची असते.

आणि इथेच जिवाशी गाठ असलेली गोष्ट येते.

१५ फेब्रुवारी २०१३ रोजी सकाळी नऊ वीसच्या सुमारास रशियातल्या चेल्याबिन्स्क शहरावर सुमारे एकोणीस मीटर व्यासाचा दगड सेकंदाला एकोणीस किलोमीटर वेगाने शिरला आणि जमिनीपासून तीसेक किलोमीटर उंचीवर फुटला. काही क्षण त्याचा उजेड सूर्यालाही मागे टाकणारा होता. बर्फावर सावल्या झरझर फिरल्या. लोक घराघरांतून, कचेऱ्यांतून खिडक्यांशी धावले आणि आकाशातली जाड, दुहेरी धूररेषा बघत उभे राहिले. उजेड तात्काळ पोचतो, आवाज मात्र मिनिटाला वीसेक किलोमीटरच चालतो. दोन-सव्वादोन मिनिटांनी धक्का आला तेव्हा खिडक्यांची तावदाने थेट त्यांच्या तोंडावर फुटली. जवळजवळ दीड हजार माणसांना उपचार घ्यावे लागले. त्यांतले बहुतेक काचेने जखमी झाले होते. दगड अंगावर पडून कुणी दगावले नाही. शहरातल्या एका शाळेतल्या शिक्षिकेने झगमगाट दिसताच चौथीच्या मुलांना बाकांखाली वाकायला लावले. ती मुले वाचली, तिला स्वतःला मात्र फुटलेल्या काचेने जखम झाली.

म्हणून हा एक नियम घरातल्या लहानथोरांना सांगून ठेवावा. डोळे दिपवणारा उजेड आकाशात दिसला, तर काचेपासून ताबडतोब दूर व्हावे आणि पाच मिनिटे खिडकीजवळ जाऊ नये. शाळेत मुलांना बाकाखाली घ्यावे. मोकळ्या मैदानात असाल तर तिथेच राहावे. दहातल्या नऊ वेळा काहीही होणार नाही, लांबवर ढग गडगडल्यासारखा आवाज येईल किंवा तोही येणार नाही. तरीही पाच मिनिटे थांबण्यात कुणाचे काही जात नाही. उल्का सूर्याच्या दिशेने गेली असेल तर तिच्यामागे टक लावून सूर्याकडे बघू नये, हेही मुलांना बजावावे.

आवाज आला तर मोजणी थांबवून आकडा लक्षात ठेवावा. उल्का फुटलेली दिसल्यापासून आवाजापर्यंत तीन मिनिटे लागली, तर ती साधारण साठ किलोमीटर अंतरावर फुटली, असा ढोबळ हिशेब लागतो. हा एक आकडा शोध घेणाऱ्यांना फार मोठी मदत करतो. मग फोन हातात घ्यावा आणि पहिल्यांदा वेळ लिहून ठेवावी. फोनचे घड्याळ जाळ्यावरून जुळलेले असते, ते भिंतीवरच्या घड्याळापेक्षा विश्वासाचे. त्यानंतर कुणाशीही बोलण्याआधी, जे पाहिले ते फोनमध्ये बोलून ध्वनिमुद्रित करावे. शेजाऱ्याने ‘हिरवी होती ना?’ म्हटले की आपल्या पांढऱ्या उल्केलाही हळूहळू हिरवा रंग चढतो. स्मृतीचा हा स्वभावच आहे.

धूररेषा राहिली असेल तर तिचा फोटो जरूर घ्यावा. ती काही मिनिटे, कधी जास्त वेळही टिकते. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी रशियाच्या अतिपूर्वेला सिखोते-आलिन पर्वतात भरदिवसा लोखंडी अशनींचा वर्षाव झाला, तेव्हा धुराचा पट्टा काही तास आकाशात होता. मेदवेदेव नावाचा चित्रकार त्या वेळी योगायोगाने चित्र काढत बसला होता. त्याने ते दृश्य लगेच रंगवले. दहा वर्षांनी, १९५७ मध्ये, सोव्हिएत टपाल खात्याने त्याच चित्राचे तिकीट काढले. आपल्या फोटोत फक्त आकाश नको. खाली घराचे छप्पर, झाड, खांब असे काहीतरी ओळखीचे आले पाहिजे. वारा धूररेषेला लगेच वाकवतो, म्हणून पहिला फोटो लवकरात लवकर आणि मग दर मिनिटाला एक काढावा.

त्यानंतरचे काम शांतपणे, पण त्याच जागी उभे राहून करायचे. दोन पावलेही सरकू नये, कारण सरकले की खांब आणि टाकीचे नाते बदलते. हात समोर ताठ धरून मूठ आवळली, तर मुठीची रुंदी आकाशात सुमारे दहा अंश भरते. करंगळीची रुंदी एक अंश. हात लांब करून वीत पसरली, तर अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत वीसेक अंश. लहान मुलाचा हात छोटा असतो, पण त्याचा बाहूही आखूड असतो, त्यामुळे हिशेब जवळजवळ तोच येतो. क्षितिजापासून एकावर एक मुठी ठेवत उल्का जिथे विझली त्या जागेपर्यंत जावे. साडेतीन मुठी भरल्या, तर उंची पस्तीस अंश. फोनच्या होकायंत्राने दिशा घ्यावी. सुरुवातीची दिशा व उंची, शेवटची दिशा व उंची, असे चार आकडे कागदावर आले की साक्ष पूर्ण झाली. ज्याला होकायंत्र जमत नाही त्याने जिथे उभे होतो तिथे खडूने खूण करावी. दुसऱ्या दिवशी कुणी जाणकार येऊन मापे घेऊ शकतो.

या मापांचा आग्रह धरण्याचे कारण आहे. उल्का पाहणारा जवळजवळ प्रत्येक माणूस शपथेवर सांगतो की ती पलीकडच्या शिवारातच पडली, फार तर टेकडीमागे. माणसाचा डोळा एवढ्या अंतरांसाठी घडलेला नाही. पन्नास किलोमीटर उंचीवरची उल्का क्षितिजापासून पंधरा अंशांवर दिसत असेल, तर ती बघणाऱ्यापासून जवळपास १९० किलोमीटर लांब असते. अमरावतीत उभ्या असलेल्या माणसाला शेजारच्या तालुक्यात पडल्यासारखी वाटणारी उल्का मध्य प्रदेशावर असू शकते. एकाच्या नजरेने हे कळत नाही. पण वेगवेगळ्या गावांतल्या चार जणांनी दिशा आणि उंची दिली, की नकाशावर रेषा एकमेकींना छेदतात आणि खरी वाट सापडते.

ही रीत जुनी आहे. २६ एप्रिल १८०३ रोजी दुपारी फ्रान्समधल्या लेगल गावाजवळ सुमारे तीन हजार दगड पडले. त्या काळी आकाशातून दगड पडतात ही गोष्ट बरेच विद्वान अडाणी लोकांची कल्पना समजत. सरकारने पाठवलेला तरुण शास्त्रज्ञ ज्याँ-बाप्तिस्त बिओ गावोगाव फिरला, एकमेकांची ओळखदेख नसलेल्या माणसांना भेटला, त्यांच्या जबान्या ताडून पाहिल्या, आणि दगड कोणत्या पट्ट्यात पडले याचा नकाशा केला. त्याच्या अहवालानंतर वादाला फारशी जागा उरली नाही. विज्ञानाने इथे ऐकले ते साध्या गावकऱ्यांचे. ‘आपल्या सांगण्याला कोण विचारतो?’ असे वाटणाऱ्या प्रत्येकाने बिओची ही पायपीट आठवावी.

जे दिसले ते उल्काच होती का, हाही प्रश्न स्वतःला विचारावा. मावळतीच्या उन्हात विमानाची धूररेषा पेटल्यासारखी लाल दिसते, पण ती मिनिटानुमिनिटे हळूहळू सरकते. निकामी उपग्रह किंवा रॉकेटचे तुकडे परत येतात तेव्हा तेही जळतात. त्यांचा वेग सेकंदाला आठ किलोमीटरच्या आत असतो, तर उल्केचा किमान अकरा आणि जास्तीत जास्त बहात्तर. त्यामुळे रॉकेटचा कचरा आडवा, रेंगाळत, तुकड्या-तुकड्यांनी जाताना दिसतो. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भातल्या हजारो लोकांनी असेच दृश्य पाहिले. नंतर चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचे मोठे कडे सापडले. ते चीनच्या लाँग मार्च रॉकेटचे अवशेष असावेत, असा जाणकारांचा निष्कर्ष होता. अशा वस्तूला हात लावू नये. रॉकेटच्या टाक्यांत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. पोलिसांना कळवून लोकांना लांब ठेवावे.

आणि दगड? शोधायला जरूर जावे, पण काय शोधायचे ते कळले पाहिजे. अशनी पेटत्या निखाऱ्यासारखा जमिनीवर येतो, गवत जाळतो, हा समज चुकीचा आहे. शेवटचे पंधरा-वीस किलोमीटर तो कुठलाही उजेड न देता, साध्या दगडासारखा पडतो आणि तोवर थंडावलेला असतो. लहान अशनीने मोठा खड्डाही होत नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे, पण तसे विवर घडवणारा दगड हजारो वर्षांत एखादाच. ताजा अशनी जवळून पाहिला तर त्यावर पातळ काळी खपली दिसते, जेमतेम मिलिमीटरभर जाडीची, जणू भाकरी तव्यावर थोडी जास्त राहिली आणि वरचा पापुद्रा करपला. जिथे कोपरा उडाला असेल तिथे आतला फिका राखाडी दगड उघडा पडतो, आणि त्यात लोखंडाचे बारीक कण चमकतात. आकाराच्या मानाने तो जड लागतो. काहींवर ओल्या मातीत अंगठा दाबल्यासारखे खळगे असतात.

महाराष्ट्रात फसगत होण्याची शक्यता मोठी आहे, कारण आपली जमीनच काळ्या, जड बेसॉल्टची. त्यातला काही बेसॉल्ट लोहचुंबकालाही ओढ देतो. भट्टीतून निघालेली काळी मळीही अनेकांना अशनी वाटते. दोन खुणा पाहाव्यात. दगडात वायूचे बुडबुडे, पोकळ्या किंवा आत स्फटिक असतील, तर तो जवळजवळ नक्कीच अशनी नाही. चिनीमातीच्या कपाच्या बुडाशी जी बिनचकाकीची खरखरीत कड असते तिच्यावर दगड हलकेच घासावा. ठसठशीत काळी किंवा तांबडी रेघ उमटली, तर तो बहुधा लोहखनिजाचा दगड.

ताज्या अशनीबाबत एकच मागणे आहे. त्याला उघडा हात लावू नये, तो धुऊ नये, फोडू नये, चुंबक चिकटवू नये. जोरदार चुंबकाने त्यातल्या मूळ चुंबकत्वाची खूण पुसली जाते. काही ठिकाणी अशा दगडाला शेंदूर, तेल, हळदकुंकू लावले जाते. त्यामागचा भाव समजण्यासारखा आहे, पण त्या तेलाने दगडातली साडेचार अब्ज वर्षांची नोंद बिघडते. दगड जागेवर असतानाच, शेजारी एखादे नाणे ठेवून फोटो घ्यावा, जागेचे अक्षांश-रेखांश फोनवरून टिपावेत, स्वच्छ प्लास्टिकची पिशवी हातात उलटी घालून तो उचलावा आणि पिशवी सुलटी करून बांधावी. १८ जानेवारी २००० च्या सकाळी कॅनडात टॅगिश तलावावर उल्का फुटली. आठवड्याभराने गोठलेल्या तलावावरून जाताना जिम ब्रूक नावाच्या स्थानिकाला बर्फात काळे तुकडे दिसले. त्याने ते हाताने न शिवता पिशव्यांत घेतले आणि घरी शीतपेटीत गोठवूनच ठेवले. त्याच्या या खबरदारीमुळे अतिशय नाजूक, कार्बनयुक्त असा तो अशनी जगातल्या सर्वांत कमी दूषित नमुन्यांमध्ये गणला जातो. आपल्याकडे जूननंतर घाई अधिक करावी लागते. एका पावसाने काही खनिजे विरघळून जातात. २२ एप्रिल २०१२ रोजी कॅलिफोर्नियात सकाळी पडलेल्या सटर्स मिल अशनीचे पावसाआधी उचललेले मोजके तुकडेच संशोधकांना सर्वांत जास्त उपयोगी पडले.

भारतात पडलेल्या अशनींचा राष्ट्रीय संग्रह भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण सांभाळते. त्याचे मुख्यालय कोलकात्याला आहे, महाराष्ट्रात नागपूर आणि पुण्यात कार्यालये आहेत. गावात दगड सापडला तर पोलीस पाटील, तलाठी किंवा तहसीलदारांमार्फत तिथे कळवावे. दगड विकत मागणारा माणूस आधी पोचला, तरी त्याला देऊ नये. काटोलच्या तुकड्यांचे पुढे काय झाले ते इथे सांगण्याजोगे आहे. त्यांतल्या एका तुकड्यात संशोधकांना ब्रिजमनाइट हे खनिज सापडले, आणि तो अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पृथ्वीच्या पोटात, खालच्या प्रावरणात हेच खनिज सर्वाधिक आहे, पण तिथून ते जसेच्या तसे वर येत नाही. खोल पृथ्वीबद्दल बोलणारा हा पुरावा काटोलच्या उन्हात आकाशातून पडला होता.

फक्त उल्का पाहिली, दगड मिळाला नाही, तरी नोंद पाठवावी. आंतरराष्ट्रीय उल्का संघटना आणि अमेरिकन मीटिअर सोसायटी जगभरातल्या कुणाकडूनही अशा नोंदी घेतात. जवळच्या हौशी खगोल मंडळालाही कळवावे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. अशा ठिकाणी नोंदी एकत्र येतात आणि ताडून पाहता येतात.

शेवटचे काम सोसायटीच्या सचिवांना, दुकानदारांना आणि पेट्रोल पंपवाल्यांना सांगण्याचे. कॅमेऱ्यात उल्का दिसली नाही, तरी चित्रण टाकाऊ ठरत नाही. चेल्याबिन्स्कच्या चौकातल्या कॅमेऱ्यात खांबांच्या सावल्या कशा फिरल्या, एवढ्यावरून कोलंबियातल्या दोन खगोलशास्त्रज्ञांनी काही दिवसांत त्या दगडाची सूर्याभोवतीची कक्षा अंदाजली होती. आपल्या फाटकावरच्या कॅमेऱ्याने तेच टिपलेले असू शकते. त्याचे घड्याळ फोनच्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे आहे ते लिहून ठेवावे आणि चित्रण त्याच संध्याकाळी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावे. बहुतेक यंत्रे काही दिवसांतच जुन्यावर नवे चित्रण करतात.